जंगल नसलेल्या तालुक्यातल्या बैठका

“मॅडम, आमच्या तालुक्यात जंगलच नाही. वन्यजीवांची तस्करी इथं कुठून येणार?”

बैठकीचं पत्र घेऊन कुठल्याही कार्यालयात गेले की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या मनात टाळाटाळ नसते. शिरूर अनंतपाळच्या चौकात उभं राहून चारी बाजूंना पाहिलं तर कुणालाही तेच वाटेल. सोयाबीन, तूर, हरभरा, पीक निघालं की उघडी पडलेली काळी रानं, मधेच एखादा मुरमाड माळ, ओढ्याला बाभळी आणि घरणीचं पात्र. लातूर जिल्ह्यातलं जंगल एकूण क्षेत्राच्या एक टक्काही भरत नाही. वनरक्षक एक आणि गावं कितीतरी, अशी स्थिती. जिथं कागदावर वन नाही तिथं वन्यजीवांचा गुन्हाही कुणाच्या कामाच्या यादीत नसतो. पोलीस म्हणतात ते फॉरेस्टचं, फॉरेस्टवाले म्हणतात माणसं कुठायत, आणि गावाला तर तो गुन्हा आहे हेच ठाऊक नसतं.

तो कुणाच्या तरी यादीत यावा, यासाठी मी बैठका भरवते आणि चालवते. काम एका संस्थेचं. पट्टा लातूर-नांदेडचा आणि सीमेपलीकडच्या बीदरचा. माझं माहेर याच तालुक्यातलं, त्यामुळे ‘जंगल नाही’ हे वाक्य ऐकलं की मला आधी शिवार दिसतं. बांधावरून उडणारे तित्तर, हरभऱ्यात शिरलेली काळविटं, पहाटे गावाच्या अंगावर ओरडणारे कोल्हे, विहिरीच्या कपारीत घोरपड, वैरणीच्या गंजीखाली मुंगूस. नांगराच्या तासात निघालेलं मांडूळ बाजूला उचलून ठेवणारे माझे आजोबा. यातल्या बहुतेकांना जंगल लागतच नाही. त्यांना माळ लागतो, गायरान लागतं, न नांगरलेला बांध लागतो. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ मराठवाडा ओलांडून धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगपर्यंत पोहोचला, तेव्हा लोकांना नवल वाटलं. मला त्याच्या वाटेचं जास्त नवल वाटलं. इतकी शेतं, इतके रस्ते, इतकी माणसं आणि त्यातून एक वाघ चालत आला. म्हणजे वाट अजून आहे. आणि जी वाट जनावराला सापडते ती शिकाऱ्यालाही सापडते.

पण आमच्याकडचा खरा धंदा वाघाचा नाही. तो मांडुळाचा आहे, पोपटांचा आहे, घोरपडीचा आहे, तित्तर-लाव्ह्यांचा आणि काळविटाच्या मांसाचा आहे. त्यातही मांडुळानं आमच्या भागाची जितकी हानी केली तितकी दुसऱ्या कशानं केली नसेल, आणि त्यात त्या सापाचा काही दोष नाही. मातीत राहणारा, बिनविषारी, संथ साप तो. शेपूट बोथट असल्यामुळे दोन तोंडं असल्यासारखा दिसतो, एवढंच. उंदीर खातो म्हणजे शेतकऱ्याच्या उपयोगाचाच. पण त्याच्या अंगात गुप्तधन दाखवायची शक्ती असते, अमुक किलोच्या वर वजन भरलं की परदेशातला कुणी कोट्यवधी मोजतो, पूजेला बसवला की पैशाचा पाऊस पडतो, अशा गोष्टी गावोगाव पसरल्या आहेत. वीस-एकवीस नखांच्या कासवाचंही तेच. खरेदी करणारा शेवटचा माणूस कुणी कधी पाहिलेला नसतो. दिसतात ते मधले. ते येतात, मोबाइलवर वजनकाट्याचा व्हिडिओ मागतात, ‘पार्टी हैदराबादची आहे’ म्हणतात, आणि व्यवहार पक्का करायला आगाऊ पैसे मागतात. कुणी दागिना मोडतो, कुणी सोयाबीनची पट्टी देतो. पैसे जातात. साप तसाच घरातल्या माठात राहतो, उपाशी मरतो.

फसलेला माणूस तक्रार करत नाही, कारण साप पकडून ठेवल्याचा गुन्हा त्याच्याही अंगावर येणार असतो. दलालाला हे नेमकं माहीत असतं, आणि त्याचं सगळं भांडवल म्हणजे ही भीतीच. हे मला एका बैठकीत अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं. त्यांना बोलवायचं ठरलं तेव्हा काहींनी विचारलं होतं की यांचा वन्यजीवांशी काय संबंध. त्याच समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. म्हणजे मांडुळाच्या प्रकरणात वन्यजीव कायद्याबरोबर हाही कायदा लागू शकतो, फसवणुकीचं कलमही लागू शकतं, आणि मग दलालावर तीन बाजूंनी हात टाकता येतो. खोलीतल्या अनेकांनी ही जोडणी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. ती कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकातून आली नव्हती. दोन क्षेत्रांतली माणसं एका खोलीत बसली म्हणून आली.

म्हणून बैठकीला कोण बसतं याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. आमच्याकडे शासकीय बैठकीची एक रीत आहे. पुढं व्यासपीठ, त्यावर साहेब, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग मनोगतं. खालच्या रांगेत वनरक्षक, हवालदार, एसटीचे वाहक, सर्पमित्र बसतात आणि ऐकतात. ज्यांनी खरोखर पिशवी उघडून साप पाहिलेला असतो ते शेवटपर्यंत गप्प. मी पत्रातच लिहायला सुरुवात केली की सत्कार नाही, व्यासपीठ नाही, खुर्च्या गोलात असतील. आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना आधी जाऊन भेटते. त्यांना विनंती करते की आपण शेवटी बोला. ही विनंती कुणी नाकारलेली मला आठवत नाही. उलट एक पोलीस अधिकारी म्हणाले, “बरं झालं. मलाही आधी ऐकायलाच पाहिजे.”

पहिलं बोलणं वनरक्षकाचं. एकदा एका तरुण वनरक्षकानं उभं राहून विचारलं, “जिवंत मुद्देमाल ठेवायचा कुठं? कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मांडूळ मी घरी बादलीत ठेवला होता. लेकरं लहान हायत माझी.” त्यावर पशुवैद्यकीय अधिकारी म्हणाले, “मला फोन का केला नाहीत?” तो म्हणाला, “तुमचा नंबरच न्हाई की साहेब.” दोघांची कार्यालयं फार तर एका हाकेच्या अंतरावर. त्या दिवशीच्या बैठकीतून दुसरं काही निघालं नसतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं.

कायद्याची उजळणी भाषणातून होत नाही हे मला लवकर उमगलं. सुरुवातीला आम्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ची माहितीपत्रकं वाटायचो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या चार झाल्या, दंड वाढले, हे सगळं त्यात असायचं. लोक पत्रकाची घडी करून खिशात घालायचे. मग मी भिंतीवर मोठा कागद लावायला लागले. त्यावर एक कल्पित प्रकरण. रात्रीचे अकरा, निलंगा रस्ता, मोटारसायकलवर दोघं, पाठीवरच्या पिशवीत मांडूळ, नाकाबंदीवर गाडी अडवली. आता पुढं काय? ज्याचा त्याचा भाग ज्यानं त्यानं सांगायचा.

पोलीस हवालदार सांगतात: पिशवी तपासली, पंच बोलावले, पंचनामा, ताबा, अटक, गुन्हा नोंद, तपास, दोषारोपपत्र. सांगताना आवाजात खात्री असते, कारण रोजचं काम आहे. मग मी सरकारी वकिलांकडे बघते. ते शांतपणे विचारतात, “आणि कलम ५५?”

ही पहिली गाठ, आणि इथं खोली नेहमी थबकते. वन्यजीव कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय पोलिसांच्या दोषारोपपत्रावर घेत नाही. त्यासाठी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं स्वतंत्र फिर्याद दाखल करावी लागते. म्हणजे पोलिसांनी कितीही नेटानं आरोपी पकडला, तरी वनविभागाची फिर्याद न्यायालयात गेली नाही तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते. याच कलमात साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही फिर्याद करता येते. ही तरतूद ऐकून सर्पमित्रांची मान वर होते. पोलिसांना मात्र आपलं दोषारोपपत्र पुरत नाही हे ऐकून वाईट वाटतं, आणि ते साहजिक आहे. एक फौजदार मला चहाच्या वेळी म्हणाले, “म्हणजे रात्री दोनला आम्ही पळायचं आणि सकाळी कागद फॉरेस्टनं करायचा?” मी म्हटलं, “साहेब, रात्री दोनलाच फॉरेस्टला फोन करायचा. दोघांनी एकत्र पळायचं.”

दुसरी गाठ कबुलीजबाबाची. पोलिसांपुढं दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही हे प्रत्येक हवालदाराला माहीत असतं. पण वन्यजीव कायद्याच्या कलम ५० मध्ये सहायक वनसंरक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या, तसा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला पुरावा नोंदवता येतो, आणि तो आरोपीच्या समोर नोंदवलेला असेल तर खटल्यात ग्राह्य धरता येतो. हे हत्यार वनविभागाच्या हातात आहे. ते वेळेत उपसलं जात नाही, कारण तो अधिकारी बसतो दुसऱ्या शहरात आणि त्याला कळतं तेव्हा आरोपी जामिनावर सुटलेला असतो. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा वन्यजीव गुन्हे कक्ष २०१३ च्या सुमारास उभा राहिला आणि त्यानं वाघांच्या शिकारीची प्रकरणं शिक्षेपर्यंत नेली. ते मोठं काम होतं आणि त्यासाठी खास माणसं नेमलेली होती. आमच्याकडे तसा कक्ष नाही. मग निदान माणसांनी एकमेकांना ओळखलं पाहिजे, हा माझा आग्रह.

तिसरी गाठ ओळखीची. पंचनाम्यात ‘साप जातीचा प्राणी’ एवढंच लिहिलेलं मी पाहिलं आहे. मांस असेल तर ‘हरणासारख्या प्राण्याचं मांस’. बचाव पक्षाचा वकील यावर उभा राहतो आणि म्हणतो, बकरीचं आहे. नमुना कसा घ्यायचा, कशात ठेवायचा, कुठं पाठवायचा, हे पशुवैद्यकांनी समजावलं. हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत प्राण्याच्या ऊतीवरून जात ओळखण्याची सोय आहे, मांस शिजवलेलं असलं तरी पुष्कळदा उत्तर मिळतं, हे ऐकल्यावर एक वनपाल उठून म्हणाले, “हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि हे आम्हाला आज कळतंय.” भिंतीवरच्या त्या कागदावरून शेवटी एकाच पानाची यादी तयार झाली. कुणी कुणाला आधी फोन करायचा, किती वेळात, कोणता कागद कुणाकडं, जिवंत प्राणी कुणाकडं, सोडण्याचा आदेश कुणी मागायचा. ते पान आता काही ठाण्यांत काचेखाली आहे.

हैदराबाद जवळ, हे फक्त प्रयोगशाळेपुरतं खरं नाही. माझ्या आजोबांच्या तरुणपणी आमचं गाव बीदर जिल्ह्यात होतं. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदरचेच. पुढं उस्मानाबाद, १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूर. सोयरिकी मात्र तिकडंच राहिल्या. भालकीला आत्या, बसवकल्याणला मावशी, हैदराबादला कामाला गेलेला भाऊ. बाजारही तसाच, औराद शहाजानीपासून पलीकडं पाऊल टाकलं की कर्नाटक. लातूर रोड जंक्शनवरून उदगीर, बीदर करत रेल्वे विकाराबादकडं उतरते. माणसं ज्या वाटेनं नातीगोती सांभाळतात त्याच वाटेनं पोपटांच्या टोपल्या जातात. पोलिसांची हद्द मात्र सीमेवर संपते.

म्हणून बीदरकडची माणसं बैठकीला येणं मला फार महत्त्वाचं वाटत होतं. पहिल्यांदा ती आली तेव्हा भाषेचा प्रश्न निघाला. पत्रं इकडची मराठीत, तिकडची कन्नडात, कायदा इंग्रजीत. मी दुभाष्याचा विचार करत होते. तेवढ्यात आमच्या एका हवालदारांनी बीदरच्या वनरक्षकाला दखनीत विचारलं, “तुम्हारे तरफ तोते कौनसे महिने में निकलते?” आणि दोघं सुरू झाले. नंतर त्या बैठकीची भाषा तीच राहिली. टिपणं मात्र मी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत पाठवते, कारण वरच्या कार्यालयांना लेखी काहीतरी लागतंच.

सीमा ओलांडणाऱ्या अशा गुन्ह्यांसाठी केंद्रात वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो आहे, २००७ पासून. पश्चिम विभागाचं कार्यालय नवी मुंबईत. दक्षिण आशियातल्या आठ देशांचं ‘सावेन’ नावाचं जाळं २०११ मध्ये भूतानच्या पारोमध्ये ठरलं. खवले मांजराच्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१६ च्या जोहान्सबर्गच्या परिषदेत बंद झाला. हे सगळं मी बैठकीत सांगते, कारण बालाघाटाच्या डोंगरकडेला एखाद्या गावात सापडलेल्या खवले मांजराची बातमी कुठवर जाते हे कळावं. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांसारखंच द्रव्य, औषध म्हणून कवडीचा उपयोग नाही. तरी त्यासाठी आफ्रिकेपासून आशियापर्यंत जनावर संपत आलं. इतक्या मोठ्या साखळीची आमच्या बाजूची कडी एखादा मेंढपाळ किंवा ऊसतोड मजूर असतो, ज्याला कुणीतरी फोनवर फोटो पाठवायला सांगितलेलं असतं.

आता पारध्यांबद्दल लिहायला पाहिजे. ते लिहिल्याशिवाय या बैठकांबद्दल मी खरं सांगितलं असं होणार नाही.

जवळपास प्रत्येक नव्या गटात कुणीतरी एकदा म्हणतंच, “मॅडम, पारधी वस्त्यांची यादी करू, म्हणजे काम सोपं होईल.” १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अशाच याद्या केल्या होत्या. मूल जन्मलं की गुन्हेगार. स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि यादी करण्याची सवय तशीच राहिली. मी त्या सूचनेला बैठकीतच नाही म्हणते, शांतपणे, पण स्पष्ट. यादी करायची तर दलालांची करा, खरेदी करणाऱ्यांची करा, ज्या हॉटेलांत तित्तर शिजतो त्यांची करा. फासा लावणाऱ्याच्या हातात शे-दोनशे रुपये पडतात. उरलेला पैसा कुठं जातो तिकडं बोट दाखवा.

एका बैठकीला मी फासेपारधी समाजातल्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावलं. सगळे त्यांना बाबा म्हणतात. त्यांना आणायला गेले तेव्हा ते म्हणाले, “ताई, पोलीस असतील नव्हं तिथं? मग मी कशाला येऊ? आमाला बोलवत्यात ते मार द्यायला.” मी त्यांना सांगितलं की तुम्हाला साक्षीला बोलवत नाही, सल्ल्याला बोलवतेय. ते आले. गोलातल्या खुर्चीवर बसेनात, भिंतीला टेकून खाली बसले. तेव्हा पशुवैद्यकीय अधिकारी उठले आणि त्यांच्याशेजारी खाली जाऊन बसले. मग एकेक करत बरेच जण सतरंजीवर आले. मी कुणाला काही सुचवलं नव्हतं.

बाबा जे बोलले ते मी जन्मभर विसरणार नाही. तित्तराची जोडी कुठल्या माळावर कधी अंडी घालते ते त्यांनी सांगितलं; त्या दिवसांत त्यांचे आजे फासा लावत नसत. गाभण हरणीला हात लावायचा नाही, असा त्यांच्यात दंडक होता. “माळ व्हता तवर पक्षी व्हता,” ते म्हणाले. “माळ तुमी नांगरला. पलाट पाडले. आन् आमाला म्हनता पारध्यानं पाखरं संपवली.” कुणी बोललं नाही. मग त्यांनी आपणहून सांगितलं की अलीकडं गाड्या येतात रात्री, मोठ्या दिव्यांच्या, काळविटांच्या मागं. त्यातली माणसं पारधी नसतात, शहरातली असतात. कोणत्या शिवारात येतात, कोणत्या दिवसांत येतात, हेही सांगितलं. बैठकीतल्या एकाही विभागाकडं ही माहिती नव्हती. ज्याला आपण संशयित म्हणून धरतो तोच बहुतेक वेळा सगळ्यात चांगला जाणकार असतो. त्याला आदरानं बोलावलं आणि त्याच्या लेकरांच्या शाळेचा, जातीच्या दाखल्याचा, रेशन कार्डाचा प्रश्न त्याच बैठकीत तहसीलदारांपुढं ठेवला, तर तो बोलतो. दाखल्यांचं काम अजून पूर्ण झालेलं नाही. प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते पहिलं असतं आणि काम संपेपर्यंत पहिलंच राहील.

बाबांचा नातू आता पक्षी-गणनेला मदत करतो. त्याला मानधन मिळतं. थोडं आहे, पण वेळेवर मिळतं.

गावातल्या बायकांशी मी वेगळं बोलते, उजेडसारख्या गावच्या जत्रेत किंवा बचतगटाच्या बैठकीत. उजेड आमच्याच तालुक्यातलं, तिथं २६ जानेवारीच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते, लोक गांधीबाबाची यात्रा म्हणतात. जत्रा म्हटली की कुठंही जडीबुटीची पालं असतात, आणि अशा पालांवर हत्ताजोडी विकायला असते. जोडलेल्या हातांसारखं दिसणारं ते मूळ घरात ठेवलं की बरकत येते म्हणतात. ते मूळ नाहीच. नर घोरपडीच्या जननेंद्रियाचा वाळवलेला भाग आहे. २०१७ मध्ये तपासण्या होऊन हे जगापुढं आलं, आणि तोवर ते ऑनलाइनसुद्धा खुलेआम विकलं जात होतं. हे सांगितलं की बायकांना किळस येते, मग राग येतो. देवघरात ठेवलेली वस्तू अशी असावी, हे त्यांना सहन होत नाही. कायद्याची धमकी देऊन जे झालं नसतं ते या रागानं होतं. गावच्या बायकांनी पालवाल्याला हटकलं तर पुढच्या वर्षी तो ती वस्तू आणत नाही.

चित्रकलेच्या एका शिक्षकांनीही मला चकित केलं. बैठकीत मुंगसाच्या केसांच्या ब्रशचा विषय निघाला. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावानं देशभर छापे पडले होते, ते मी सांगितलं. एक किलो केसांसाठी साधारण पन्नास मुंगसं मारावी लागतात असा अंदाज आहे. ते शिक्षक गप्प बसले होते. पुढच्या बैठकीला ते एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांकडचे सगळे ब्रश तपासून आले होते, आणि तालुक्यातल्या स्टेशनरी दुकानदारांशी बोलून आले होते. नायलॉनचे ब्रश मागवायचं दुकानदारांनी कबूल केलं होतं. त्यांना हे करायला कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्याचा उपयोग काय, असं मला विचारतात. एक प्रसंग सांगते. फेब्रुवारीअखेर, पोपटांच्या पिलांचा मोसम. एसटीच्या एका वाहकानं रात्री आमच्या मोबाइलवरच्या गटावर निरोप टाकला: मागच्या सीटखाली कापड बांधलेली टोपली, आतून आवाज येतोय, माणूस उदगीरला उतरणार म्हणतो. हा वाहक आमच्या एका बैठकीत बसलेला होता. गाडी उदगीरला पोचायच्या आत वनविभागाची माणसं आणि पोलीस दोघंही स्थानकावर होते. टोपलीत पोपटाची पिलं, अंगावर धड पिसंही नव्हती. पंचनाम्यात जातीचं शास्त्रीय नाव लिहिलं गेलं. पशुवैद्यकीय अधिकारी रात्रीच आले. फिर्यादीचा कागद वनविभागानं वेळेत केला. पोपट पाळणं, विकणं गुन्हा आहे हे त्या प्रवाशाला माहीत होतं की नाही हे न्यायालय ठरवेल. पिलं काही वाचली, काही नाही. इतक्या लहान पिलांना आईशिवाय जगवणं फार अवघड असतं, आणि आमच्या जिल्ह्यात त्यासाठी नीट सोय असलेलं केंद्र हवं. ही मागणी आम्ही लेखी केली आहे, पाठपुरावा चालू आहे.

त्या रात्री माझा फोन एकदाही वाजला नाही. सकाळी उठून मी गटावरचे निरोप वाचले तेव्हा कळलं. ज्यानं त्यानं ज्याला त्याला थेट फोन केला होता. मला वाटतं, बैठका चालवणाऱ्याला यापेक्षा जास्त काही नको असतं.

येत्या मृगाआधीची बैठक मोरांसाठी ठेवली आहे. पेरणीच्या वेळी बियाण्याला लावलेलं औषध खाऊन मोर मरतात, आणि काही ठिकाणी ते मुद्दाम टिपण्यासाठीही औषध लावलेलं धान्य टाकलं जातं. अपघात कुठला आणि शिकार कुठली हे मेलेल्या मोराच्या शवविच्छेदनाशिवाय ठरत नाही. गळून पडलेलं मोरपीस विकायला कायद्यात सूट आहे, त्यामुळे उपटलेलं पीस आणि गळालेलं पीस कसं ओळखायचं हेही शिकवायला पाहिजे. म्हणून यावेळी कृषी सेवा केंद्रांचे चालक, कृषी सहायक आणि पिसं विकणारे फेरीवाले यांना बोलावलंय. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी आधी विचारलं, “आमचा काय संबंध?” मी पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बसले. एकानं चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी स्वतःच गेल्या वर्षी कुठल्या शिवारात मोर मेले होते ते सांगायला सुरुवात केली, आणि मी वही काढली.